उचंत खाते

बँकेत चिकटलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमचे हेडक्लार्क मान वर न करता म्हणाले, "ही एंट्री सस्पेन्सला टाका." मी मनातून मोहरून गेलो. आयुष्यभर कोरड्या आकड्यांशी संसार करायचा अशी तयारी करून आलेल्या बी. कॉम. माणसाला बँकेतही सस्पेन्स असतो हे कळल्यावर आनंद होणारच. मी आजूबाजूला पाहिले. कोणाच्या हातात पिस्तूल नव्हते. शिपायाच्या हातात फक्त चहाची किटली होती.

पुढे कळले की सस्पेन्स म्हणजे उचंत खाते. रक्कम आली आहे हे नक्की. पण कोणाची, कशाबद्दल, कोणत्या खात्यात टाकायची, ह्याचा पत्ता लागत नाही. तो लागेपर्यंत ती ज्या खात्यात पडून राहते ते हे उचंत. यात खून नाही, पाठलाग नाही. फक्त मार्च जवळ आला की ऑडिटर बोट ठेवून विचारतो, "हे अजून इथंच का?" आणि अख्ख्या शाखेचे चेहरे गुन्हेगारासारखे होतात.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या घरात असेच एक उचंत खाते निघाले, आणि त्यात खरोखरीचाच सस्पेन्स होता.

झाले असे की पेठ बीडमधले आमचे जुने माळवदाचे घर उतरवायचे ठरले. आम्ही फ्लॅटवर राहायला जाऊन बरीच वर्षे झाली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, २०१९ साली गेले. त्यांची पत्र्याची पेटी तेव्हापासून तशीच बंद होती. पेटी जड होती, म्हणून माझ्या धाकट्या भावाला तिच्याबद्दल फार आदर वाटत असे. कुलूप तोडले, तर आतून ७३ रहस्यकथा निघाल्या. सगळ्या बाबुराव अर्नाळकरांच्या. भावाने मोठ्या मनाने आपला वाटा सोडून दिला.

पोत्यात भरून मी त्या घरी आणल्या. आमच्या सौ.नी पोते पाहिले, मला पाहिले आणि निकाल दिला, "कपाटात दहा पुस्तकांची जागा आहे. चांगली दहा निवडा, बाकीची रद्दीला घाला. दिवाळीच्या आत."

वाक्य साधे आहे. पण त्यातला "चांगली दहा" हा भाग ज्याने कधी करून पाहिला असेल त्यालाच त्यातली गोम कळेल.

अगाथा ख्रिस्तीबाईंच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या ६६. नेटाने बसले तर सव्वा वर्षात संपतात; मग कोणती चांगली आणि कोणती बरी हे चारचौघांत छातीठोकपणे सांगता येते. अर्ल स्टॅन्ले गार्डनरच्या पेरी मेसनचा आकडा ऐंशीच्या थोडा पुढे जातो. ही माणसे कष्टाळू होती यात शंका नाही. पण आमच्या अर्नाळकरांनी, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण ह्या मूळ नावाच्या गृहस्थांनी, हजारावर लिहिल्या. गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. १९९६ साली ते गेले. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईकही हजार ओलांडून गेले, म्हणजे मराठी माणूस उद्योगात मागे असतो हे म्हणणे निदान खुनाच्या बाबतीत तरी खरे नाही.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सवय आहे. पन्नास वर्षांत हजार म्हणजे वर्षाला वीस, म्हणजे अठरा दिवसांत एक पुस्तक. अठरा दिवसांत माझे प्रवासभत्त्याचे बिल मंजूर होत नाही! आता वाचकाची बाजू. आठवड्याला एक वाचली तर हजार व्हायला एकोणीस वर्षे लागतात. मी आज पंचेचाळिशीत आहे. म्हणजे निवृत्तीनंतरही चार वर्षे मी खुनी शोधतच असणार. सगळे वाचणे शक्य नाही, म्हणून निवडणे आले. आणि निवडायला वाचणे आले!

लहानपणी हा प्रश्न नव्हता. आमच्या गावाला तेव्हा रेल्वे नव्हती. रहस्यकथेचे खरे माहेर म्हणजे रेल्वे स्टेशनवरचा पुस्तकांचा गाडा. त्यामुळे आम्ही त्या सुखाला मुकलो होतो. (१९९५ साली मंजूर झालेला आमचा रेल्वेमार्ग ही जिल्ह्यातली सर्वांत लांबलेली रहस्यकथा. शेवटी अहिल्यानगरची गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला लागली. पाहायला आलेल्या अर्ध्या लोकांना ही शेवटच्या पानावरची युक्ती असावी असे वाटत होते.) आमच्याकडे रहस्ये यायची ती एस. टी. स्टँडवर, आठवडी बाजारात, आणि नदीकडच्या बाजूला एक भाड्याने पुस्तके देणारी लायब्ररी होती तिथे. दिवसाला चार आणे. मी अण्णांचे बोट धरून जात असे. लायब्ररीवाले काका पुस्तकाचे नाव कधी विचारीत नसत. विचारायचे, "आज कोण नेता? झुंजार, काळा पहाड, का धनंजय?" जणू ही मंडळी आत खाटेवर बसली आहेत आणि हाक मारली की चपला घालून निघणार आहेत.

ही निवडीची पद्धत मला अजूनही सर्वांत शहाणपणाची वाटते. गुन्ह्याचा रीतसर तपास हवा असेल तर धनंजय आणि त्याचा छोटू. थोडा साहसी, घरंदाज मामला हवा असेल तर झुंजार आणि त्याची विजया. आणि कचेरीत साहेबाने अपमान केला असेल त्या दिवशी काळा पहाड. कारण तो कायद्याच्या पलीकडे राहून दुष्टांचा परस्पर समाचार घेतो. अण्णा तहसील कचेरीत कारकून होते. त्यांनी काळा पहाड सर्वांत जास्त नेला, एवढेच सांगतो.

पण पोत्यातून दहा निवडायला ही पद्धत उपयोगी नव्हती. नावावरून निवडावे, तर सगळीच नावे सारखी भयंकर. मुखपृष्ठावरून निवडावे, तर घाबरलेली बाई, पिस्तूल आणि काळी सावली हे तिघे बाहेर नक्की असतात. आत त्यांतला एखादाच भेटतो. शेवटचे पान वाचून निवडावे, तर निम्म्या पुस्तकांना शेवटचे पान नाही. आणि जिथे आहे तिथेही भरवसा नाही. आमच्या गल्लीत एक पुस्तक दहा घरे फिरत असे, आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारा एक नराधम प्रत्येक गल्लीत असतो. इथे मला एक कबुलीजबाब द्यायचा आहे. आठवीत असताना शेजारच्या वकीलकाकांकडे जायच्या पुस्तकात मीही असे नाव लिहिले होते. पण चुकीचे लिहिले होते. "खुनी = मुनीम." बिचारा मुनीम दुसऱ्याच प्रकरणात मरतो. खरे नाव सांगणारा वाचकाचे दोन तास चोरतो. खोटे नाव सांगणारा त्याला एक जास्तीचे रहस्य फुकट देतो. हा युक्तिवाद मी वकीलकाकांपुढे केला नाही, कारण ते वकील होते.

शेवटी मी धंद्यातली रीत वापरली. आमच्याकडे ऑडिटर येतो तेव्हा तो काही सगळी व्हाउचरे पाहत नाही. मोठ्या रकमेची बघतो आणि बाकीच्यांतून दर अमक्याव्या क्रमांकाचे एक उपसतो. ह्याला टेस्ट चेकिंग म्हणतात. उपसलेली नीट निघाली की उरलेल्यांवर सही. मी पुस्तके ओळीने मांडली आणि दर सातवे काढले. नेमकी दहा निघाली. रात्री जेवण झाले की एक, असा दहा दिवसांचा तपास चालवला.

निकाल असा लागला. तीन पुस्तके फार चांगली. इतकी की एका रात्री पाणी प्यायला उठायचे होते ते मी खुनी सापडेपर्यंत लांबवले. पाच बरी. दोन कच्ची; त्यांतले रहस्य मला तिसऱ्या प्रकरणात कळले, आणि मला कळले म्हणजे कोणालाही कळले असते. नावे सांगत नाही. हजारातली दोन नावे उचलून त्यांच्यावर बोट ठेवणे मला बरे वाटत नाही, आणि ते का वाटत नाही हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

बँकेत लागून मला २२ वर्षे झाली. दिवसाला दीडशे व्हाउचरे, वर्षाचे अडीचशे दिवस. म्हणजे आठ लाखांवर व्हाउचरे माझ्या हाताखालून गेली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, लेजरे अजून हाताने लिहीत होतो तेव्हा, एका संध्याकाळी ताळा जुळेना. फरक ९०० रुपयांचा. आमच्या धंद्यातला धनंजय म्हणतो की फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल तर कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केली आहे. सगळी शाखा थांबली. रात्री साडेनऊला सापडले: ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले होते. हस्ताक्षर माझे. म्हणजे दोन तास इतरांबरोबर कंदील घेऊन ज्या गुन्हेगाराला मी शोधत होतो तो मीच. असा शेवट करायला लेखकाला धाडस लागते. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. तो फायलीला लागला. पुढे बढतीच्या मुलाखतीत दोनदा तोच कागद वर आला. उरलेल्या आठ लाखांबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही.

माझी तक्रार नाही. चूक माझीच होती. पण माणसाची किंमत त्याच्या कोणत्या दहा व्हाउचरांवरून ठरवायची? मला निवडायला सांगितले तर मी सर्वांत देखणी दहा काढीन. बँकेने निवडली तर ती दहा काढणार नाही, एकच काढील. पुस्तकांचेही असेच आहे. चार कवितासंग्रह लिहून गप्प बसलेल्या कवीला आपण त्याच्या सर्वांत चांगल्या कवितेवरून ओळखतो. न लिहिलेल्या कवितांचे पुण्यही त्याच्या खाती जमा होते. हजार कादंबऱ्या लिहिणाऱ्याला मात्र त्याच्या कच्च्या कादंबरीवरून ओळखतात, आणि बहुतेक वेळा तीही न वाचता. वाङ्मयाच्या चर्चांत अर्नाळकरांचे नाव निघालेच तर हसत निघते. हसणाऱ्याने किती वाचल्या असे विचारले की तो म्हणतो, "छे, एकसुद्धा नाही!" ह्याला ऑडिट म्हणत नाहीत.

हे सगळे मी मधल्या सुट्टीत आमच्या कॅशिअरसाहेबांना ऐकवले. त्यांनी डबा संपवला, बोटे पुसली आणि म्हणाले, "हॉटेलात भजी कच्ची निघाली तर आचाऱ्याने आजवर किती घाणे तळले हे तुम्ही विचारता का? पैसे माझे, पोट माझे. अठरा दिवसांत लिही असं त्याला मी सांगितलं होतं?"

ह्यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. वाचक कोणाचे देणे लागत नाही हे खरेच आहे. त्याचीही वर्षे मोजकीच आहेत. ती मी स्वतः मोजून पाहिली आहेत. चांगले तेवढे वेचण्याचा त्याला हक्क आहे. फक्त वेचून झाल्यावर उरलेल्यांना "वाईट" म्हणण्याचा हक्क त्यातून आपोआप येतो का, एवढाच माझा मुद्दा होता, आणि तोवर सुट्टी संपली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी रद्दीवाले भाई आले. मी पोते मोकळे केले आणि, कोणाला तरी विचारायचेच म्हणून, विचारले, "भाई, ह्यात चांगली कोणती असतील?"

"साब, अच्छी-बुरी मेरे को क्या मालूम," ते तराजू सरळ करीत म्हणाले. "सूखी हैं क्या गीली, वो बोलो. गीली का वजन ज्यादा आता."

मूल्यमापनाचा इतका स्वच्छ निकष मी कुठे ऐकला नव्हता. आम्ही दोघे खाली बसून ओली आणि कोरडी पाहू लागलो. पुस्तके तीस-पस्तीस वर्षांची, सगळी खडखडीत. त्यातच एक निघाले, कोरडेच, पण कधीकाळी भिजलेले. पाने लाटांसारखी वाकलेली, कडेला मातीची तपकिरी रेघ.

अण्णांची एक सवय मला तोवर लक्षात आली होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी, जिथे शेवटचे पान शिल्लक होते तिथे, ते शाईने तारीख घालीत आणि एकच शब्द लिहीत: "वाचली." चांगली नाही, वाईट नाही. वाचली. कचेरीत आलेल्या अर्जावर "पाहिले" म्हणून सही करावी तसे. ह्या भिजक्या पुस्तकाच्या शेवटी लिहिले होते, "वाचली. परत करणे. २९-७-८९."

१९८९ च्या जुलैत बिंदुसरेला पूर आला. बीडमध्ये ज्याचे वय आज चाळिशीच्या पुढे आहे त्याला तो सांगावा लागत नाही. मी नऊ वर्षांचा होतो. पाणी गल्लीत शिरले तेव्हा आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी आत्याकडे गेलो, तिचे घर उंचावर होते म्हणून. अण्णांनी घरातून काय काय वाचवले ह्याची यादी आई पुढे तीस वर्षे सांगत असे: रेशनकार्ड, स्टोव्ह, लायब्ररीचे पुस्तक आणि मी. क्रम हाच. अण्णांचे म्हणणे एवढेच असायचे, "पुस्तक दुसऱ्याचं होतं."

पुस्तक त्यांनी सदऱ्याच्या आत कमरेला खोचले होते. तरी भिजलेच. आत्याच्या ओसरीत मेणबत्ती लावून ते रात्री वाचीत बसलेले मला आठवतात. आम्हा पोरांना झोप येत नव्हती, बायका रडत होत्या, आणि अण्णा ओले पान फाटू नये म्हणून दोन बोटांत धरून उलटत होते. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. कोणाचा खून झाला हे कळायची ही वेळ आहे का, असे वाटले होते. आज वाटते, कोणी तरी खून केला आहे आणि तो शहाण्णवाव्या पानावर नक्की सापडणार आहे, एवढे एकच त्या रात्री खात्रीने ठाऊक असण्यासारखे होते.

पाणी ओसरल्यावर मला घेऊन ते लायब्ररीत गेले. लायब्ररी नव्हती. काका चिखलाच्या ढिगाऱ्यापुढे स्टुलावर बसले होते. ढिगाऱ्यातून कुठेकुठे मुखपृष्ठावरची पिस्तुले वर आलेली. अण्णांनी पुस्तक पुढे केले आणि सहा दिवसांचा दीड रुपया काढला. काकांनी दोन्हीकडे पाहिले.

"हे एक घेऊन मी काय करू? ठेवा. वाचून झालं की आणून द्या."

"वाचून झालंय."

"मग पुन्हा वाचा."

काकांनी दुकान परत उघडले नाही. मुलाकडे औरंगाबादला गेले, असे ऐकले. अण्णा पुढे कधी त्या शहरी गेले की चौकशी करून यायचे. पत्ता लागला नाही. पुस्तक पेटीत राहिले. आपले नव्हते म्हणून कपाटात ठेवता येईना आणि परत घेणारा नव्हता म्हणून देता येईना.

मी ते त्याच रात्री वाचले. कच्चे आहे. टेस्ट चेकिंगमध्ये निघाले असते तर तिसरे कच्चे म्हणून लिहिले असते. रहस्य मला दुसऱ्याच प्रकरणात कळले. तरी शेवटपर्यंत वाचले; एका ठिकाणी दोन पाने चिखलाने चिकटली होती, ती वाफेवर धरून सोडवली. कॅशिअरसाहेबांना ह्यातले काही सांगितले नाही. ते म्हणाले असते, हे पुस्तकाचं गुणगान झालं का पुराचं? आणि तेही बरोबरच झाले असते.

रद्दीवाल्या भाईंना मी वर्तमानपत्रे आणि एक फुटकी बादली दिली. पुस्तके तीन ढिगांत लावली. ठेवायची, द्यायची, आणि ज्यांचे काय करायचे ते कळत नाही ती. पहिल्यात तीन आहेत. दुसऱ्यात एकही नाही. तिसऱ्यात सत्तर.

भाऊबीज झाल्यावर सौ.नी पोत्याकडे बोट केले. "हे अजून इथंच का?"

बावीस वर्षांत ऑडिटरला देऊन देऊन पाठ झालेले उत्तर मी दिले, "तपास चालू आहे."

ती काही बोलली नाही. पोते सरकवायला म्हणून वाकली, वरचेच एक पुस्तक काढून तिने झटकले, उघडले आणि उभ्या उभ्या चाळू लागली. थोड्या वेळाने पाहतो तो पलंगाच्या कडेवर बसलेली. रात्री साडेअकरा झाले तरी दिवा चालू.

"अहो," ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "पहिल्या पानावर कुणी मेल्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, खुनी मुनीम म्हणून. खरं आहे का हो?"

मी कूस बदलली आणि झोप लागल्याचे सोंग केले.